अंगणातली मोठी आगगाडी: कुठून घ्यायची, घरपोच कितीला पडते

मोठ्या मापाची मॉडेल रेल्वे घ्यायची ठरली की नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "दुकान कोणतं?" हा प्रश्न थोडा पुढे ढकला. तालुक्याच्या बाजारात हे सामान मिळत नाही. ते बहुतेक वेळा जर्मनी, इंग्लंड किंवा अमेरिकेतून येतं. तिथली किंमत आणि गावात पार्सल हातात पडेपर्यंतची किंमत यांत दुपटीचाही फरक पडू शकतो. म्हणून आधी काय हवं ते ठरवा, मग ते कुठून आणायचं ते बघा.

आधी टेप घ्या

एलजीबी या जर्मन ब्रँडच्या स्टार्टर सेटमध्ये सहसा एक इंजिन, दोन डबे, पॉवर पॅक (रुळांना वीज देणारा डबा) आणि वळणाचे १२ रूळ येतात. हे रूळ ६०० मिमी त्रिज्येचे असतात आणि त्यांना आर-१ म्हणतात. १२ तुकडे जोडले की बाहेरून साधारण १.३ मीटर व्यासाचं वर्तुळ होतं. डबे वळणावर बाहेर झुकतात, त्यामुळे १.६ मीटर चौरस जागा मोकळी हवी. खाटेवर किंवा दिवाणावर हे मावत नाही. दोन्ही बाजूंना ३०० मिमीचे दोन-दोन सरळ रूळ घातले की लांबी १.९ मीटर होते, आणि गाडी नुसती गरगर न फिरता कुठेतरी चालल्यासारखी वाटते. पहिली वाढीव खरेदी हे चार सरळ रूळ असू द्या. दुसरं इंजिन नंतर.

अंगण मोठं असेल तर आर-३ ची वळणं घ्या. त्रिज्या ११९५ मिमी, पूर्ण वर्तुळाला १६ तुकडे, जागा २.७ मीटर. हे आधीच ठरवायचं कारण म्हणजे अमेरिकन मापाची मोठी डिझेल इंजिनं आणि लांब प्रवासी डबे आर-१ वर चालत नाहीत. सांध्यावर अडकतात, नाहीतर वळणावर घसरतात. दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही. खोक्यावर किंवा पानावर "किमान त्रिज्या" लिहिलेली असते, ती वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

"जी" हे एकच माप नाही

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. दोन पट्ट्यांत ४५ मिमी अंतर (गेज) असलेल्या रुळांवर चालणाऱ्या सगळ्या गाड्यांना बाजारात सर्रास "जी" म्हणतात, पण त्या रुळांवर वेगवेगळ्या प्रमाणातल्या गाड्या चालतात. एलजीबीचं प्रमाण १:२२.५, म्हणजे खरी मीटर गेजची गाडी २२.५ पट लहान केलेली. यूएसए ट्रेन्स या अमेरिकन कंपनीचं १:२९. मेर्कलिन या जर्मन कंपनीच्या "गेज १" चं १:३२. अमेरिकेतल्या तीन फुटी गेजच्या अचूक मॉडेलांचं १:२०.३. रूळ एकच असल्यामुळे सगळं एकमेकांमागे धावतं, पण १:३२ च्या इंजिनामागे १:२०.३ ची वाघीण (मालडबा) लावली तर शेळीला रेडा बांधल्यासारखं दिसतं. डबे एकमेकांना जोडणारं कपलिंगही जुळत नाही. एलजीबी आणि पिको या दुसऱ्या जर्मन कंपनीचं आकडा-कडीचं कपलिंग एकमेकांत बसतं. अमेरिकन कंपन्यांचं मुठीसारखं बंद होणारं कपलिंग त्यांच्यात बसत नाही.

एक प्रमाण, एक कपलिंग, एकाच जातीचे रूळ हे वहीत लिहून ठेवा आणि पहिली दोन वर्षं त्याबाहेर जाऊ नका. "स्वस्त मिळालं म्हणून" घेतलेलं दुसऱ्या प्रमाणाचं सामान कपाटातच पडून राहतं.

विदर्भातल्या माणसाला शकुंतला ही आपली जुनी छोटी गाडी हवी असते, हे साहजिक आहे. पण यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही लाईन ७६२ मिमी गेजची. तिला २२.५ ने भागलं तर ३४ मिमी येतात, म्हणजे ती ४५ च्या रुळांवर बसत नाही. ३२ मिमीच्या रुळांवर सुमारे १:२४ धरली तर बसते. अकोला-खंडव्याची जुनी मीटर गेज मात्र १:२२.५ ला ४४.४ मिमी येते, जवळजवळ नेमकी. तेव्हा मीटर गेजची गाडी हवी असेल तर एलजीबीचं प्रमाण बरोबर आहे. शकुंतलेसाठी जीव टाकत असाल तर ३२ मिमीच्या नॅरो गेज वर्गाकडे वळा आणि डबे हाताने बांधायची तयारी ठेवा. नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरो गेज संग्रहालयात जाऊन खरी इंजिनं एकदा नीट बघून घेतली तर हा निर्णय सोपा होतो.

कंपन्यांबद्दल थोडं

एलजीबी १९६८ मध्ये न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीने आणली. ती कंपनी २००६ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढच्या वर्षी मेर्कलिनने हे नाव विकत घेतलं. याचा खरेदीशी संबंध असा की २००६ आधीचा जुना मालही आजच्या रुळांवर चालतो आणि झिजणारे बरेच सुटे भाग अजून मिळतात. हेच एलजीबीचं खरं मोल. पिकोचे सेट साधारण स्वस्त, रूळ पितळीच, एलजीबीला जोडता येणारे. नवख्यासाठी पैशाला पैसा मोजला तर पिको बहुधा पुढे राहते.

बाखमनचे "बिग हॉलर" सेट सगळ्यात स्वस्त दिसतात. गाडी दिसायला देखणी, पण सेटबरोबर येणारे रूळ पत्र्याचे, पोकळ असतात. ते घरातच वापरायचे. एका पावसाळ्यात ते गंजतात आणि मग गाडी गचके खात चालते. त्या सेटच्या किमतीत पितळी रुळांची किंमत मिळवूनच तुलना करा.

ॲरिस्टोक्राफ्ट २०१३ अखेर बंद झाली. तिचे डबे आणि रूळ सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, पण इंजिन घेऊ नका. गिअर तुटला तर शोधत बसावं लागतं.

आपल्याकडच्या ऑनलाइन बाजारात "बिग साइज ट्रेन सेट" म्हणून जे दिसतं, त्यात इंजिनात पेन्सिल सेल असतात आणि रूळ प्लास्टिकचे. लेकरांना खेळायला ठीक, पण त्याला पुढे काही जोडता येत नाही. फोटोत रुळाचा रंग बघा: दोन्ही पट्ट्या काळ्या किंवा करड्या प्लास्टिकच्या असतील तर ते आपलं सामान नव्हे.

दुकान पारखायचं कसं

नावाने ओळखीची दुकानं आहेत. जर्मनीत मोडेलबानशॉप लिप्पे, इंग्लंडमध्ये गार्डन रेल्वे स्पेशालिस्ट्स, अमेरिकेत चार्ल्स रो सप्लाय. पण दुकान मोठं आहे म्हणून ते तुमच्या पिनकोडवर माल पाठवेल असं नाही, आणि कधीकधी छोटंसं दुकान जास्त जबाबदारीने वागतं. म्हणून ऑर्डर देण्याआधी एक पत्र पाठवा आणि त्यात हे नेमकं विचारा:

वस्तूचा क्रमांक काय? एलजीबीचा प्रत्येक भाग पाच आकड्यांनी ओळखला जातो: १०००० म्हणजे ३०० मिमी सरळ रूळ, ११००० म्हणजे आर-१, १६००० म्हणजे आर-३. नावावर भरवसा ठेवू नका, क्रमांक लिहा. माल हातात आहे की मागवून देणार? नवा, शोकेसमधला की वापरलेला? भारतात पाठवता का, कोणत्या कुरिअरने, विमा किती रकमेचा? बिलातून तिकडचा व्हॅट वजा करता का? या इंजिनाचे घर्षण टायर (चाकावरचे रबरी पट्टे), मोटरचे कार्बन ब्रश आणि रुळावरून वीज उचलणारे बूट तुमच्याकडे आहेत का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात बोलकं असतं. ज्याला माल कळतो तो भागाचा क्रमांक आणि किंमत लिहून पाठवतो. "हो, सगळं मिळेल" एवढंच उत्तर आलं तर पुढचं दुकान बघा.

खोटी दुकानंही आहेत. जर्मन दुकानाच्या पानावर मालकाचं नाव, पत्ता आणि करनोंदणी क्रमांक देणारं "इम्प्रेसुम" हे पान कायद्याने असावंच लागतं. ते नसेल, किंमत इतर सगळ्यांच्या निम्मी असेल आणि पैसे फक्त बँक ट्रान्सफरने मागत असतील, तर सोडून द्या. पैसे कार्डाने किंवा पेपालने भरा. पेपालवर "मित्र-परिवार" हा पर्याय कुणी सुचवला तर नकार द्या, त्यात खरेदीदाराला संरक्षण नसतं. तुमचं कार्ड परदेशी व्यवहारासाठी बहुधा बंद असेल. बँकेच्या ॲपमधून ते सुरू करा, मर्यादा ठरवा आणि काम झालं की पुन्हा बंद करा. बँक परदेशी चलनावर वेगळा आकार लावते, तोही हिशोबात धरा.

घरपोच किंमत काढा

वहीचं एक पान यासाठी ठेवा. उदाहरण घेऊ. जर्मन दुकानात सेटची किंमत ४७६ युरो आहे. त्यात १९ टक्के व्हॅट आहे. युरोपियन युनियनबाहेर माल पाठवताना दुकान तो वजा करू शकतं, मग ४७६ भागिले १.१९, म्हणजे ४०० युरो. टपालखर्च ६० युरो. एकूण ४६०. हिशोबाच्या सोयीसाठी युरो १०० रुपये धरला तर ४६,००० रुपये.

आता सीमाशुल्क. ते वस्तूच्या किमतीवर नाही, टपाल आणि विमा धरून झालेल्या रकमेवर लागतं. खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० मध्ये ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. ७० टक्के धरले तर ३२,२०० रुपये. झाले ७८,२००. त्यावर आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी) १८ टक्के धरला तर १४,०७६. एकूण ९२,२७६, आणि कुरिअरची हाताळणी वेगळी. वैयक्तिक वापराची वस्तू म्हणून कमी दर लागूही शकतो, पण तो नक्की धरून चालू नका. दर अर्थसंकल्पागणिक बदलतात. ऑर्डरच्या आठवड्यात सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर बघा. ढोबळ नियम म्हणून दुप्पट रक्कम बाजूला ठेवा. कमी लागली तर सरळ रूळ घ्या.

टपालखर्चाचा सापळा वेगळा. कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त, ते लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं. ७५ × ४० × १५ सेंमीचं खोकं म्हणजे ९ किलो, आत सामान सहा किलोचं असलं तरी. शोभेच्या मोठ्या खोक्याला त्यामुळे पैसे पडतात. सुटे रूळ मात्र जड आणि आटोपशीर, त्यांना खरं वजन लागतं. रूळ थोडेथोडे मागवण्यापेक्षा एकदम मागवणं परवडतं.

पार्सल अडकण्याचं एक कारण बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा नियम. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. तो आदेश १४ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांना लागू आहे. छंदाचं मॉडेल त्यात बसत नाही असं म्हणता येतं, पण टेबलावरचा अधिकारी काय ठरवेल ते आपल्या हातात नाही. म्हणून बिलावर "प्रौढ संग्राहकांसाठी स्केल मॉडेल, १४ वर्षांवरील" असं दुकानाकडून लिहून घ्या, खोक्यावर तसा उल्लेख आहे का तेही विचारा. अर्थात ते खरं असेल तरच. बिलावर किंमत कमी लिहा किंवा "भेट" लिहा, असं दुकानदाराला सांगू नका. तो गुन्हा आहेच, शिवाय माल फुटला तर विम्याचे पैसे त्या खोट्या किमतीएवढेच मिळतात.

सगळ्यात स्वस्त रस्ता

गावात कुणाचा तरी मुलगा पुण्याच्या कंपनीतून परदेशात ऑनसाइट गेलेला असतो. तो सुटीवर येताना त्याच्या सामानातून एक इंजिन आणि दोन डबे येणं हा सगळ्यात परवडणारा मार्ग. प्रवाशाला ठरावीक किमतीपर्यंतचं सामान शुल्काशिवाय आणता येतं. २०१६ च्या नियमांत ही मर्यादा ५०,००० रुपये होती. तो येईल त्या तारखेचा आकडा बघून घ्या. माल तिकडच्या पत्त्यावर आधीच मागवायचा, बिल त्याच्याजवळ ठेवायचं, इंजिन मूळ फोममध्ये गुंडाळून हातातल्या बॅगेत, आणि रूळ कपड्यांमध्ये मोठ्या बॅगेत. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या मोठ्या बॅगेत चालत नाहीत. त्याच्या २३ किलोतले पाच-सहा किलो मागताना संकोच ठेवावा, एवढंच. त्याच्या आईची यादी आधीच गेलेली असते.

वीज: इथे चुकलं तर धूर

अमेरिकन सेटचा पॉवर पॅक १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये घातला की तो जळतो, आणि ते वॉरंटीत बसत नाही. अडॅप्टरच्या पाठीवर "इनपुट" बघा. १००–२४० लिहिलं असेल तर निर्धास्त लावा. फक्त १२० असेल तर तो अडॅप्टर बाजूला ठेवा. युरोपातला २३० चालतो, पण त्याच्या बारीक पिना आपल्या सॉकेटमध्ये ढिल्या बसतात आणि ठिणग्या उडतात. चांगला कन्व्हर्टर प्लग घ्या.

गावात व्होल्टेज सारखा वरखाली होतो. कृषिपंपांची लाईन आली की दिवे मंद होतात. लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा पॉवर पॅक त्याबरोबर गाडीचा वेगही बदलतो, आणि स्वस्त इन्व्हर्टरवर तो घुंघावतो, तापतो. १००–२४० वाला एसएमपीएस (ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक वीजपुरवठा) हे सहन करतो. म्हणून पॉवर पॅकशिवाय मिळणारं इंजिन आणि सुटे रूळ परदेशातून, आणि वीजपुरवठा नागपूरच्या सीताबर्डीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून, ही जोडी पैसे वाचवते. १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एलईडी पट्टीचा एसएमपीएस, त्यापुढे डीसी मोटरचा पीडब्ल्यूएम स्पीड कंट्रोलर, दिशा बदलायला डीपीडीटी स्विच, आणि मध्ये ३ अँपिअरचा फ्यूज. रुळापर्यंत १.५ चौरस मिमीची तांब्याची वायर. १२ व्होल्टवर गाडी निवांत चालते, नवख्याला तेवढं पुरे. फ्यूज विसरू नका: गाडी घसरून चाक आडवं पडलं की शॉर्ट होतो. आवाजाचं किंवा डिजिटल डिकोडरचं (आत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण बसवलेलं) इंजिन असेल तर मात्र पीडब्ल्यूएम लावू नका, ते बिघडू शकतं.

वाफेवरच्या खऱ्या इंजिनांचा मोह पहिल्या वर्षी टाळा. गॅस किंवा स्पिरिटची ज्योत, एप्रिलचं ४४ अंश ऊन आणि शेजारी कडब्याची गंजी हे जमत नाही.

जुना माल घेताना

फोटोवर घेऊ नका, व्हिडिओ मागा. इंजिन रिकाम्या रुळावर दोन्ही दिशांना अगदी मंद चालताना दिसलं पाहिजे. चाकाच्या दर फेऱ्याला एकदा "टक" आवाज आला तर गिअरला तडा आहे. बाखमनच्या जुन्या चार-सहा-शून्य (पुढे चार छोटी आणि मध्ये सहा मोठी चाकं असलेल्या) इंजिनांत हा दोष नेहमीचा, आसावरचा प्लास्टिक गिअर फुटतो. इंजिन उलटं करून चाकांचा फोटो घ्या: चांदीसारखा मुलामा जाऊन खालचं पितळ दिसत असेल तर ते भरपूर चाललेलं आहे. वीज उचलणारे बूट खोलगट झिजलेले असतील, घर्षण टायर कडक झाले असतील, तर हे दोन्ही स्वस्तात बदलता येतात. तेवढ्यावरून भाव पाडून घ्या, सौदा मोडू नका. डब्याचं छत वाकलेलं असेल तर तो नको. जुने पितळी रूळ काळे पडलेले असले तरी बेलाशक घ्या. घासले की नव्यासारखे, आणि जुन्या मालातली सगळ्यात सुरक्षित खरेदी तीच.

पार्सल कधी आणि कुठे

ऑर्डर ऑक्टोबर ते फेब्रुवारीत येईल अशी द्या. मे महिन्यात बंद गाडीत आणि टिनाच्या गोदामात पडलेल्या खोक्यात प्लास्टिक वाकतं, जुलैत पुठ्ठा भिजतो. नाताळ संपल्यावर जानेवारीत स्टार्टर सेटचे भाव उतरलेले सापडतात, म्हणजे हा मुहूर्त दोन्हीकडून बरा.

खाजगी कुरिअर खेड्यात येत नाही, "पत्ता सापडला नाही" लिहून पार्सल परत जातं. पोस्ट मात्र येते. कुरिअरच असेल तर जिल्ह्याच्या गावातल्या नातेवाइकाचा पत्ता द्या, पण केवायसी ज्याच्या नावाने पार्सल आहे त्याचीच लागते: आधार, पॅन आणि सुरू असलेला मोबाइल नंबर. खोकं उघडताना सहाही बाजू आणि लेबल दाखवत सलग व्हिडिओ काढा, तुकडे मोजा, इंजिन त्याच दिवशी अर्धा तास चालवा. तक्रारीची मुदत दिवसांत मोजतात. छोटा भाग तुटला असेल तर सगळं परत पाठवू नका, परतीचं टपाल भागाच्या किमतीहून महाग पडतं. फोटो पाठवून तो भागच मागवा.

रूळ अंगणात टाकणार असाल तर ऑर्डरमध्येच दोन गोष्टी वाढवा. पितळ उन्हाने लांबतं: १० मीटर रुळाला थंडीतली पहाट ते उन्हाळ्यातली दुपार असा ५० अंशांचा फरक पडला तर सुमारे साडेनऊ मिमी. सांध्यांत फट ठेवायला जादा जोडपट्ट्या लागतात. आणि काळ्या मातीवर थेट रूळ टाकू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, दरवर्षी रूळ वाकडे होतात. वीतभर माती काढून मुरूम दाबा, वर बारीक गिट्टी टाका. हे सामान मात्र गावातच मिळतं, आणि त्याला सीमाशुल्क नाही.